बार्शीटाकळीस एक फेरी

वऱ्हाडात जाणारा प्रवासी बहुधा अकोल्यास उतरतो, शेगावास जाऊन दर्शन घेतो, सवड असल्यास नरनाळ्याचा किल्ला चढून येतो आणि परत फिरतो. अकोल्याच्या दक्षिणेस अठरा-वीस किलोमीटरांवर असलेल्या बार्शीटाकळीची वाट फारसे कोणी धरीत नाही. आम्ही ती धरली, ती तेथील एका जुन्या देवळाकरिता. परंतु त्या गावी देवळाबरोबरच एक निराळा विषयही आमच्यापुढे उभा राहिला. तो आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घराशी निगडित असल्याने, प्रवासवृत्ताच्या ओघातच त्याची थोडी चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

अकोल्याहून पूर्णेकडे जो लोहमार्ग जातो, त्यावर बार्शीटाकळीचे स्टेशन लागते. हा मार्ग पूर्वी मीटरगेज होता. २००८ साली त्याचे रूळ रुंद झाले. सडकेनेही जाता येते. आम्ही गेलो तो चैत्राचा आरंभ होता. दोहों बाजूंस वऱ्हाडची ती प्रसिद्ध काळी जमीन उघडी पडली होती. कापूस वेचून झाला होता, तूर घरात येऊन पडली होती. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, आणि तुरीची धसकटे मात्र शेतात जागजागी उभी. पावसाळ्यात जी जमीन पाय धरून ठेवते, तीच आता भेगाळून गेली होती. बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव. याच तालुक्यात महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण बांधलेले असून अकोला शहराची तहान तेच भागविते.

गावातील देवीचे प्राचीन देऊळ हे येथले मुख्य प्रेक्षणीय स्थळ. त्याचा गाभारा पश्चिमाभिमुख असून रचना ताराकृती आहे. म्हणजे भिंत सरळ न जाता कोनाकोनांनी मोडत जाते, आणि उन्हाची तिरीप पडली म्हणजे एकाच भिंतीवर प्रकाशाच्या व सावलीच्या अनेक उभ्या पट्ट्या उमटतात. येथे शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ या काळचा शिलालेख मिळालेला आहे. लोक या देवळास हेमाडपंती म्हणतात. वस्तुतः ज्या हेमाद्रि पंडितावरून हे नाव पडले, तो देवगिरीच्या महादेवराव व रामदेवराव या यादव राजांच्या पदरी होता, आणि महादेवराव गादीवर आला तो १२६१ साली. तेव्हा शिलालेखाचा काळ हेमाद्रीच्या कारभाराहून पाऊणशे वर्षांहून अधिक आधीचा ठरतो. चुना न वापरता दगडावर दगड बसविण्याची ही पद्धत हेमाद्रीच्या आधीपासून चालत आली होती, नाव मात्र त्याचे लागले.

हेमाद्रि म्हटला की आमच्या वाचकांस त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ आठवेल. व्रते, दाने, श्राद्धे यांविषयी तो ग्रंथ प्रमाण मानला जातो. पण याच हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली, हे थोड्यांस ठाऊक असते. राज्याचा कारभार पाहणाऱ्या पुरुषाने वैद्यकाचा इतका व्यासंग करावा ही गोष्ट नमस्कार करण्याजोगीच आहे. तथापि एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. टीकाकार असलेले ज्ञान उलगडून दाखवितो. त्या ज्ञानात नवे औषध घालावयाचे तर निराळ्या प्रकारची माणसे लागतात, आणि ती एकटी असून भागत नाही. हा भेद आम्हांस त्याच देवळाच्या पायरीशी प्रत्यक्ष दिसला.

देवळात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात हे सांगणे नको. सकाळचे दहा वाजून गेले होते, आणि फरशीचा दगड इतका तापला होता की आम्ही अक्षरशः उड्या मारीत सावली गाठली. आमच्या मागोमाग एक साठी उलटलेले शेतकरी आले. ते मात्र त्याच दगडावरून शांतपणे, एकेक पाऊल टाकीत चालत होते. आम्हांस त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक वाटले. पण ते सावलीत येऊन बसले तेव्हा त्यांच्या उजव्या पायास दोन बोटे नाहीत आणि तळव्यास पट्टी बांधलेली आहे असे दिसून आले.

“बाबा, पाय भाजत नाही का?” आम्ही विचारले.

“भाजत असंन भाऊ, पण मले समजते कुठी?” ते हसून म्हणाले. “साखरेची बिमारी हाये. तुरीचं धसकट रुतलं तवाबी मालूम नाई पडलं. घरी गेलो अन् पोरीनं म्हटलं, बाबा, पायाले रगत हाये.”

त्या धसकटाची जखम चिघळली, अकोल्यास जाऊन दोन बोटे काढावी लागली, आणि आता तळव्यास दुसरी जखम झाली होती. ती चार महिने भरत नव्हती. शेतात उभे राहता येत नाही, म्हणून या खेपेस शेत बटाईने दिले आहे असे ते म्हणाले. हे सर्व त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाऊसपाण्याविषयी बोलावे तसे सांगितले. उठताना ते पुन्हा त्याच तापलेल्या दगडावरून चालू लागले, तेव्हा आम्ही त्यांस हात धरून कडेच्या सावलीने नेले.

या विकाराचे स्वरूप थोडक्यात असे आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली म्हणजे पायाच्या टोकाकडील मज्जातंतू क्षीण होतात आणि वेदना कळेनाशी होते. त्याच वेळी रक्तवाहिन्याही अरुंद होऊन जखमेस पुरेसे रक्त पोहोचत नाही. वेदना हा देहाचा पहारेकरी. तोच झोपला म्हणजे काटा, खडा, चपलेचा चावा, तापलेला दगड यांपैकी काहीही आत शिरते आणि घरधन्यास पत्ता लागत नाही. प्रमेहाच्या रोग्यास पिटिका होतात ही गोष्ट सुश्रुताने नोंदविली आहे, आणि व्रणावर त्याने साठ उपक्रम सांगितले आहेत. म्हणजे ही पीडा आपल्या देशास अपरिचित नव्हती. आज मात्र तिचा विस्तार भयंकर झाला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे या देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. हा आता केवळ बैठे काम करणाऱ्या शहरवासीयांचा रोग राहिलेला नाही, हे बार्शीटाकळीच्या पायरीवर बसलेल्या त्या गृहस्थांकडे पाहूनच कळत होते.

मग न भरणाऱ्या जखमेवर औषध शोधतो कोण? सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे धन्वंतरी उभा राहतो, किंवा प्रयोगशाळेत एकटाच रात्र जागविणारा कोणी विलक्षण बुद्धीचा पुरुष. असे पुरुष झाले आहेत हे खरे. मुंबईस प्लेग आला तेव्हा डॉ. हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत, एक कारकून आणि तीन नोकर एवढ्याच साहाय्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली. परंतु आज एकट्याने ते साधत नाही. नव्या रेणूची निवड करणारा रसायनज्ञ, त्याचा देहावरील परिणाम पाहणारा जीवशास्त्रज्ञ, तो मलमाच्या वा गोळीच्या रूपात टिकवून धरणारा औषधनिर्माता, रोग्यांवर त्याची परीक्षा घेणारे वैद्य आणि आलेल्या आकड्यांत सत्य किती व योगायोग किती हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ, इतक्यांची पंगत बसावी लागते. एवढे करूनही बहुतेक रेणू मध्येच बाद होतात. म्हणूनच हा व्यवहार मोठमोठ्या परदेशी कंपन्यांचाच, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

या समजुतीस अपवाद म्हणून जो उद्योग आम्हांस ठाऊक आहे, तो नेमका याच पावलाच्या जखमेशी संबंधित आहे. पुण्यास नोव्हालीड फार्मा नावाची एक लहान कंपनी आहे. तिचे चालक श्री. सुप्रीत देशपांडे, आणि तिच्या शास्त्रीय कामातील एक प्रमुख नाव डॉ. सुधीर कुलकर्णी. लहान संघाने मोठ्या कारखान्यांशी त्यांच्याच मार्गाने स्पर्धा करणे म्हणजे बैलगाडीने आगगाडीचा पाठलाग करणे होय. या मंडळींनी निराळी वाट निवडली. अगदी नवा रेणू घडविण्यापेक्षा, जी औषधे पूर्वीपासून वापरात आहेत आणि ज्यांचे गुणदोष वैद्यांस ठाऊक आहेत, त्यांपैकी एखादे अगदी वेगळ्या रोगावर चालेल काय, हे संगणकाच्या साहाय्याने शोधून काढावयाचे आणि मग ते प्रयोगाने पडताळून पाहावयाचे. घरात फडताळ आवरताना जुनाच एखादा डबा निराळ्या कामास योग्य आहे असे गृहिणीच्या ध्यानात यावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे ते ध्यानात आल्यावर सिद्ध करण्यास वर्षे लागतात.

त्यांनी ज्या औषधावर बोट ठेविले त्याचे नाव एस्मोलॉल. हे मुळात हृदयाचे औषध. हृदय अतिवेगाने धडधडू लागले असता इस्पितळात ते शिरेवाटे देतात, आणि गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून ते वापरात आहे. त्याचा एक विशेष असा की ते रक्तात फार वेळ टिकत नाही. सुमारे नऊ मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. हृदयाच्या औषधाचा पावलाशी संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध असा की हृदयातील ज्या जातीच्या ग्राहकांवर अशी औषधे काम करतात, त्या जातीचे ग्राहक त्वचेच्या पेशींवरही असतात. जखम भरते ती तिच्या काठावरील पेशी हळूहळू आत सरकून एकमेकींस भेटल्यामुळे. हे ग्राहक चेतविले गेले म्हणजे त्या पेशींचे सरकणे मंदावते. त्यांस आवर घातला म्हणजे ते सुकर होते. या विचारातून एस्मोलॉलचे शेकडा १४ प्रमाणाचे, जखमेवर लावावयाचे जेल तयार झाले. त्यास गॅल्नोबॅक्स हे नाव मिळाले.

तर्क कितीही सुंदर असला तरी औषधाच्या बाबतीत निकाल रोग्याच्या देहावरच लागतो. प्रथम लहान प्रमाणावर परीक्षा झाली, आणि नंतर डिसेंबर २०१८ ते ऑगस्ट २०२० या काळात भारतातील अनेक रुग्णालयांत मोठी. तिचा वृत्तांत चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यक संस्थेचे डॉ. आशु रस्तोगी, डॉ. कुलकर्णी व इतर सहकारी यांनी २०२३ साली ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकंदर १७६ रोगी घेतले होते. त्यांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडण्यात आले. एका गटास नेहमीच्या शुश्रूषेबरोबर हे जेल, दुसऱ्यास केवळ नेहमीची शुश्रूषा, आणि तिसऱ्या लहान गटास शुश्रूषेबरोबर औषध न घातलेले नुसते जेल. बारा आठवड्यांअंती, ज्यांची मोजदाद झाली त्यांपैकी औषध घेणाऱ्या ६८ जणांतील ४१ जणांची, म्हणजे शेकडा ६०.३ जणांची जखम पूर्ण भरून आली. केवळ शुश्रूषा झालेल्या ७२ जणांत हे प्रमाण ३० जणांचे, म्हणजे शेकडा ४१.७ होते.

हे आकडे वाचताना आम्ही आमच्या वाचकांस दोन गोष्टी सुचवू इच्छितो. पहिली ही की, परीक्षेचा खर्च कंपनीनेच केला होता आणि लेखकांत तिची माणसेही होती. ही गोष्ट त्यांनी लपविलेली नाही, आणि औषधांच्या जगात तशीच रीत आहे; तथापि स्वतंत्र वैद्यांच्या हाती आणखी मोठ्या संख्येने रोगी जाऊन हाच अनुभव येईल, तेव्हाच या औषधाची किंमत पुरतेपणी ठरेल. शिवाय औषध घेऊनही बारा आठवड्यांत दर दहांपैकी चौघांची जखम भरली नाही, हेही विसरता कामा नये. हे रामबाण औषध नव्हे. एका लहान संघाने अनेक वर्षे खपून शंभरांत सुमारे अठरा-एकोणीस अधिक जखमा वेळेत मिटविल्या, इतकेच त्याचे माप. पण त्या अठरा-एकोणिसांत बार्शीटाकळीसारख्या गावचा एखादा शेतकरी असेल आणि त्याचे शेत बटाईने जावयाचे टळेल, तर ते माप थोडके म्हणवत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्यांस नवे औषध मुळीच दिले नव्हते त्यांपैकीही शेकडा ४१.७ जणांच्या जखमा बारा आठवड्यांत भरल्या. त्या कशाने भरल्या? जखम नीट धुणे, मेलेली कातडी वैद्याकडून काढून घेणे, पट्टी वेळच्या वेळी बदलणे, आणि विशेषतः दुखऱ्या पावलावर भार पडू न देणे, या नेहमीच्या शुश्रूषेने. नवे औषध या शुश्रूषेच्या जागी आलेले नाही. ते तिच्या खांद्यावर उभे आहे. ती शुश्रूषा जेथे नाही तेथे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी कितीही उत्तम जेल पाठविले तरी त्याचा उपयोग अपुराच राहणार. म्हणजे औषधशोधाचा जो संघ आम्ही वर वर्णिला, त्याचा शेवटचा गडी प्रयोगशाळेत बसलेला नसून घरात वावरत असतो. त्या शेतकऱ्याच्या पायास रक्त लागले आहे हे प्रथम कोणी पाहिले? त्याच्या मुलीने. तिला हे आधीपासून शिकविलेले असते आणि ती बापाचे पाय रोज पाहत असती, तर बोटे बहुधा वाचली असती.

आपली एकत्र कुटुंबे या बाबतीत भाग्यवान आहेत. ज्या घरी आजोबा, आजी, काका यांपैकी एकास तरी मधुमेह आहे, त्या घरी त्यांच्या पायांकडे पाहावयास एक सोडून दहा माणसे असतात. सायंकाळी दिवा लागल्यावर मुले वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात; त्याच वेळी नातवाने वा नातीने तळवे, बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात पाहून घ्याव्या. लाली, फोड, भेग, काळसर डाग यांपैकी काही दिसले तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी वैद्य गाठावा. मधुमेही माणसाने अंगणातही अनवाणी चालू नये. पाय शेकण्याकरिता गरम पाण्याची पिशवी वापरू नये, कारण भाजलेले त्यांस कळत नाही. चपला घालण्यापूर्वी त्या झटकून आत हात फिरवून पाहावा. या कामास पैसा लागत नाही. रोजची पाच मिनिटे लागतात. आमच्या भगिनी घरातील सणवार, सोवळेओवळे व पथ्यपाणी इतक्या कसोशीने सांभाळतात की त्यांनी मनावर घेतले तर हा नेम चार दिवसांत घरोघरी रुळेल.

याच जोडीने आणखी एक विचार सुचतो. आपल्या घरांतून मुलगा हुशार निघाला की त्याने डॉक्टर व्हावे किंवा इंजिनियर व्हावे, याखेरीज तिसरा मार्ग वडिलांच्या मनास शिवत नाही. मुलींच्या बाबतीतही आता तेच झाले आहे. रसायन, जीवशास्त्र, संख्याशास्त्र यांचे शिक्षण म्हणजे पुढे मास्तरकीच, असे मानले जाते. परंतु वर सांगितलेल्या पंगतीत रसायनज्ञास पाट आहे, गणितज्ञास आहे आणि संगणक जाणणारासही आहे. रोग्याच्या नाडीस हात न लावता हजारो रोग्यांच्या उपयोगी पडण्याचा हा मार्ग आहे. मिळकत अनिश्चित आणि यश उशिरा येणारे, हे खरे. दहा वर्षांच्या श्रमाअंती हाती काही न लागण्याचाही संभव असतो. वडिलांनी मुलांपासून ही गोष्ट लपवू नये. पण तेवढ्याकरिता दारही लावून घेऊ नये.

जे कोणी वाचक या लेखाच्या निमित्ताने बार्शीटाकळीस जातील, त्यांस थोडी व्यावहारिक माहिती. अकोल्याहून सकाळी लवकर निघावे म्हणजे नऊच्या आत देऊळ पाहून होते. कोवळ्या उन्हात त्या ताराकृती भिंती पाहण्यात विशेष गोडी आहे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत वऱ्हाडचे ऊन फार कडक असते. पिण्याचे पाणी बरोबर असावे. आणि बरोबर कोणी मधुमेही वडील मंडळी असतील तर त्यांस जाड सुती मोजे घालून नेण्यास संकोच करू नये. पादत्राणे बाहेर ठेवल्याने देवाचा मान राहतोच. मोज्याने तो कमी होतो असे कोणत्याही शास्त्रात सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.